टॅकोमीटर बसविला, पण काटा खरे सांगतो का?

नवी दिल्ली : मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता उन्हाळ्यात खुला होऊ लागला, की राजधानीतील करोल बागेच्या नाईवाला गल्लीत आणि हरध्यान सिंह मार्गावर मोटारसायकलींच्या रांगा लागतात. सामान बांधण्यासाठी लोखंडी सांगाडे, जादा दिवे, मोबाइल चार्ज करण्याची सोय अशी खरेदीची यादी लांबत जाते. तिच्यात बऱ्याचदा एका गोल तबकडीचाही समावेश असतो. दुकानदार तिला ‘आरपीएम मीटर’ म्हणतात. टॅकोमीटर हे तिचे शास्त्रीय नाव.

दुकानासमोरच्या पदपथावर बसून कारागीर अर्ध्या-पाऊण तासात हे यंत्र बसवून देतो. इंजिन सुरू होते, तबकडी निळ्या प्रकाशाने उजळते, काटा उसळी घेतो आणि गिऱ्हाईक समाधानाने पैसे मोजते. काटा हलला म्हणजे काम झाले, असा समज येथे सर्रास आढळतो. प्रत्यक्षात काटा हलणे आणि काट्याने खरा आकडा दाखविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चुकीचा आकडा दाखविणारा टॅकोमीटर हा नसलेल्या टॅकोमीटरपेक्षा अधिक त्रासदायक ठरतो. कारण जो चालक आजवर इंजिनाचा आवाज ऐकून गिअर बदलत होता, तो आता कानाऐवजी काट्यावर विश्वास ठेवू लागतो.

टॅकोमीटर म्हणजे काय?

इंजिनाचा क्रँकशाफ्ट मिनिटाला किती फेरे घेतो, हे दाखविणारे यंत्र म्हणजे टॅकोमीटर. वेगमापक, म्हणजे स्पीडोमीटर, गाडी किती वेगाने धावते ते सांगतो. टॅकोमीटर इंजिन किती वेगाने फिरते ते सांगतो. गिअर बदलला की या दोहोंचे नाते बदलते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत असेल, तर चौथ्यात तेच शांतपणे चालत असेल.

हे यंत्र मोटारगाड्यांहून जुने आहे. जर्मन अभियंता डीट्रिख उलहॉर्न यांना १८१७ मध्ये त्याच्या निर्मितीचे श्रेय दिले जाते. मोटारसायकलींवर दीर्घकाळ वापरला गेला तो केबलवर चालणारा प्रकार. इंजिनाला जोडलेली केबल तबकडीमागे एक चुंबक फिरविते, चुंबकाभोवतीच्या धातूच्या वाटीत विद्युत्प्रवाह निर्माण होऊन ती वाटी चुंबकामागे ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला रोखून धरते. या ओढाताणीत काटा जेथे स्थिरावतो तो आकडा. जुन्या स्पीडोमीटरचे तत्त्वही हेच.

दिल्लीच्या परिसरालाही या यंत्राचा एक छोटा इतिहास आहे. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८३ मध्ये ‘राजदूत ३५०’ बाजारात आणली, तेव्हा तिच्यावर स्पीडोमीटरच्या जोडीला टॅकोमीटर कारखान्यातूनच बसविलेला असे. दोन-स्ट्रोक इंजिनाची ताकद फेऱ्यांच्या एका मर्यादित पट्ट्यात एकदम उसळून येते. तो पट्टा ओळखण्यासाठी काट्याची गरज होती. त्याच राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील धारुहेडा येथील कारखान्यातून पुढे ‘सीडी १००’ आणि ‘स्प्लेंडर’ या गाड्या देशभर गेल्या. त्यांच्यावर टॅकोमीटर नव्हता आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. इंधन वाचविणे हा त्या गाड्यांचा धर्म होता. रॉयल एन्फील्डच्या ‘बुलेट’वरही तो नसतो. बाजारातून आणून बसवावयाच्या टॅकोमीटरला मागणी आहे ती प्रामुख्याने अशाच गाड्यांच्या मालकांकडून.

ठिणग्यांचे गणित

बाजारात मिळणारे आजचे बहुतेक टॅकोमीटर इलेक्ट्रॉनिक असतात. ते इंजिनाचे फेरे थेट मोजत नाहीत. स्पार्क प्लगसाठी निर्माण होणाऱ्या विद्युत्स्पंदांची, सोप्या शब्दांत सांगावयाचे तर ठिणग्यांची, मोजणी करतात आणि तिच्यावरून फेऱ्यांचा हिशेब मांडतात. सारी गफलत होते ती येथे.

चार-स्ट्रोक इंजिनात इंधन जळण्याची क्रिया क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच घडते. म्हणजे ठिणगीही दोन फेऱ्यांत एकदाच हवी. परंतु १०० ते १५० सीसी क्षमतेच्या अनेक गाड्यांत ठिणगीचा इशारा देणारी पिक-अप कॉइल क्रँकशाफ्टवरील चक्राशेजारी बसविलेली असते. हे चक्र प्रत्येक फेऱ्यात एकदा तिच्यासमोरून जाते. हा फेरा इंधन जाळण्याचा आहे की धूर बाहेर टाकण्याचा, हे तिला कळत नाही. त्यामुळे ती दर फेऱ्याला ठिणगी पाडते; त्यांतील निम्म्या वाया जातात. इंजिनाला याचा काही उपद्रव नसतो. टॅकोमीटरला मात्र दर फेऱ्यामागे एक स्पंद मिळतो.

जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटची तऱ्हा निराळी. तिचे कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतात, म्हणून तेथे दोन फेऱ्यांमागे एकच ठिणगी पडते. एकाच दुकानातून घेतलेला, एकाच पद्धतीने जोडलेला टॅकोमीटर स्प्लेंडरवर ३,००० दाखवील, तर तितक्याच गतीने फिरणाऱ्या जुन्या बुलेटवर १,५००. कारागिराने जोडणीत कोणतीही चूक केलेली नसताना हे घडते.

यासाठी चांगल्या टॅकोमीटरच्या पाठीमागे एक छोटी कळ, किंवा तोडावयाच्या वा जोडावयाच्या वायरीची सोय असते. दर फेऱ्याला किती स्पंद धरावयाचे, ते तिच्या साहाय्याने ठरविता येते. अर्धा, एक, दोन असे पर्याय असतात. कारसाठी तयार केलेल्या टॅकोमीटरवर त्याऐवजी चार, सहा, आठ सिलिंडर असे लिहिलेले आढळते. काश्मिरी गेटच्या बाजारातून असा कारचा टॅकोमीटर आणून हौसेने मोटारसायकलवर लावणारेही आहेत. चार सिलिंडरच्या कारला दर फेऱ्यामागे दोन ठिणग्या लागतात, त्यामुळे दर फेऱ्याला एक ठिणगी पाडणाऱ्या मोटारसायकलवर तो निम्मा आकडा दाखवितो आणि जुन्या बुलेटवर एकचतुर्थांश. अशी तबकडी शोभेपुरतीच राहते.

आकडा निम्मा दिसत असेल, तर चालक इंजिन ताणत राहतो. काटा ३,००० वर पाहून तो निश्चिंत असतो आणि आत दट्ट्या मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या गतीने झिजत असतो. ‘क्लासिक ३५०’ २००९ मध्ये ज्या इंजिनासह बाजारात आली, त्याची कमाल शक्ती सुमारे ५,२५० फेऱ्यांना मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीचे गांभीर्य ध्यानात येईल. आकडा दुप्पट दिसत असेल तर उलटा प्रकार घडतो. चालक घाईघाईने वरचा गिअर टाकतो, घाटातील चढावर इंजिन कण्हू लागते आणि तापते.

तबकडीवरील लाल पट्ट्याबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. तो आपल्या गाडीसाठी रंगविलेला नसतो. १३,००० पर्यंत आकडे असलेल्या तबकडीवर लाल रंग कोठेतरी दहा-अकरा हजारांपुढे सुरू होतो. बुलेटचे इंजिन तेथवर पोहोचण्याच्या कितीतरी आधीच मोडीत निघेल. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत कमाल शक्तीचे फेरे दिलेले असतात. तेथे तबकडीच्या काचेवर बारीक चिकटपट्टी लावून ठेवणे हा साधा पण उपयुक्त उपाय आहे.

वायर कोठून घ्यावी?

टॅकोमीटरला साधारणपणे चार वायरी असतात : वीजपुरवठ्याची, जमिनीची म्हणजे अर्थिंगची, दिव्याची आणि स्पंदांची. त्यांचे रंग उत्पादकागणिक बदलतात. ‘लाल म्हणजे बॅटरी’ हा अंदाज येथे हमखास खरा ठरत नाही, म्हणून डब्यातील कागद फेकून देण्यापूर्वी वाचावा. करोल बागेत तो कागद बहुधा पिशवीतून बाहेरच निघत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडवून ठेवावी. वीजपुरवठा थेट बॅटरीवरून न घेता, किल्ली फिरविल्यावरच जिच्यात वीज येते अशा वायरीवरून घ्यावा. हॉर्नला किंवा ब्रेकच्या दिव्याला वीज पुरविणारी वायर बहुतेक गाड्यांत त्यासाठी सोयीची असते. थेट बॅटरीवर जोडलेला टॅकोमीटर गाडी उभी असतानाही थोडीथोडी वीज ओढत राहतो, आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी मग रुसून बसते. हेडलाइटच्या वायरीला शक्यतो हात लावू नये. जुन्या अनेक गाड्यांत त्या दिव्याला बॅटरीची नव्हे, तर इंजिनातील कॉइलची प्रत्यावर्ती वीज मिळते आणि ती इंजिनाच्या गतीबरोबर कमीजास्त होते. १९८०च्या दशकापर्यंतच्या काही गाड्यांची विद्युत्प्रणाली तर सहा व्होल्टची आहे. बारा व्होल्टचा टॅकोमीटर तेथे चालणारच नाही. पुरवठ्याच्या वायरीवर एक-दोन अँपिअरचा फ्यूज अवश्य घालावा. शॉर्ट सर्किट झाल्यास तो आधी जळेल आणि गाडीच्या मुख्य वायरिंगचा जाळ होणार नाही.

सर्वांत नाजूक वायर स्पंदांची. ती दोन प्रकारे जोडता येते. पहिल्या प्रकारात इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या बारीक वायरीला टॅकोमीटरची वायर प्रत्यक्ष जोडतात. ही वायर बारीक दिसली तरी सीडीआय पद्धतीच्या गाडीत तिच्यातून क्षणमात्र दोनशे ते चारशे व्होल्टचा स्पंद जातो. बारा व्होल्टच्या सौम्य इशाऱ्यासाठी बनविलेला टॅकोमीटर तिला जोडला, तर तो पहिल्याच दिवशी जळू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, सदोष टॅकोमीटरच्या आतच ही वायर जमिनीला टेकली, तर ठिणगी बंद पडते आणि धावती गाडी जागच्या जागी थांबते. दिल्लीच्या रिंग रोडवर हा मनस्ताप आहे. पांगजवळच्या माळावर, जेथे मैलोगणती मेकॅनिक नाही, तेथे तो जिवावरचा प्रसंग होऊ शकतो. प्रवासाला निघण्यापूर्वी टॅकोमीटर बसविलाच, तर त्याची स्पंदवायर कोठे जोडली आहे ते स्वतः पाहून ठेवावे आणि ती सहज काढता येईल असा जोड मागावा. गाडी वाटेत बंद पडली, तर सर्वप्रथम ती वायर सोडवून पाहावी.

दुसरा प्रकार अधिक सुरक्षित. स्पार्क प्लगकडे जाणाऱ्या जाड, रबरी वेष्टणाच्या वायरीभोवती टॅकोमीटरच्या वायरीचे चार-पाच वेढे देतात. येथे धातूला धातू लागत नाही. प्रत्येक ठिणगीचा पडसाद वेढ्यांत उमटतो आणि तोच मोजला जातो. गाडीची मूळ वायर कोठेही कापावी लागत नाही. काटा थरथरत असेल तर वेढे एखाद-दुसऱ्याने कमी किंवा जास्त करून पाहावेत. ‘रेझिस्टर’ असलेली प्लगची टोपी वापरल्यानेही विद्युत्गोंगाट कमी होतो. मात्र प्रत्येक टॅकोमीटर अशा जोडणीसाठी बनविलेला नसतो, तेव्हा खरेदी करतानाच विचारून घ्यावे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यानंतर बनलेल्या गाड्यांच्या बाबतीत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. या गाड्यांत इंधन केव्हा व किती सोडावयाचे, याचा निर्णय संगणकीय नियंत्रक घेतो आणि त्यासाठी तो क्रँकशाफ्टजवळच्या संवेदकावर अवलंबून असतो. त्या संवेदकाच्या वायरीला टॅकोमीटर जोडणे म्हणजे दोन माणसांच्या दूरध्वनीत तिसऱ्याने तोंड घालण्यासारखे आहे. इशारा क्षीण झाला तर इंजिन अडखळते, धोक्याचा दिवा लागतो, आणि वॉरंटीचा दावा करण्याची वेळ आल्यास कापलेली वायर कंपनीच्या कारागिराच्या नजरेतून सुटत नाही.

जोड कसा दिला आहे, हेही पाहावे. वायर सोलून, पीळ देऊन वर काळी पट्टी गुंडाळणे ही येथली रूढ पद्धत. दिल्लीच्या ४५ अंशांच्या उन्हात त्या पट्टीचा डिंक वितळतो आणि पहिल्या पावसात आत पाणी शिरते. क्रिंप केलेला जोड आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी यांचा खर्च चहाच्या खर्चाएवढा आहे. तो मागून घ्यावा. तबकडी हँडलवर घट्ट बसली, की हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून वायरी ताणल्या जात नाहीत ना, याची खात्री करावी. वळणावर ताणलेली वायर हँडल अडवू शकते.

खरेखोटे कसे तपासावे?

त्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. इंजिन तापल्यावर, गाडी उभी असताना ते ज्या संथ गतीने फिरते तिला आयडलिंग म्हणतात. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत ती १,४०० फेऱ्यांच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत सापडतो. तबकडी तेथे ७०० किंवा २,८०० दाखवीत असेल, तर मागची कळ चुकीच्या जागी आहे हे उघड होते. निम्मा किंवा दुप्पट हाच या चुकीचा ठसा असतो.

दुसरी कसोटी रस्त्यावरची. समजा, मागच्या चाकाचा परीघ १.९ मीटर आहे आणि सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या आठ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ८३३ मीटर. इतके अंतर कापताना चाक सुमारे ४३८ वेळा आणि इंजिन सुमारे ३,५०० वेळा फिरेल. आपल्या गाडीचे खरे गुणोत्तर पुस्तिकेतून घेऊन हाच हिशेब केला, तर काट्याने त्याच्या आसपास असावयास हवे. स्पीडोमीटर स्वतःच वेग थोडा वाढवून दाखवितात, त्यामुळे शंभर-दोनशे फेऱ्यांचा फरक मनावर घेऊ नये. अर्थात ही चाचणी मोकळ्या रस्त्यावर घ्यावी. आकडेमोड घरी करावी, हँडलवर नव्हे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ अन्वये, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. मूळ रचनेला धक्का न लावता हँडलवर जादा तबकडी बसविल्याने नोंदणी प्रमाणपत्रातील इंजिन, चेसिस, रंग वा वजनक्षमता यांपैकी काही बदलत नाही. आवाज करणारे सायलेन्सर किंवा बदललेली चेसिस यांच्या पंक्तीला तिला बसविणे योग्य होणार नाही.

पण एक प्रकार टाळावाच. करोल बागेत स्पीडोमीटर, टॅकोमीटर आणि इंधनदर्शक एकाच पडद्यावर दाखविणारे डिजिटल संच मिळतात आणि ते बसविताना मूळ स्पीडोमीटर काढून टाकला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ११७ नुसार अशा गाडीवर स्पीडोमीटर असणे बंधनकारक आहे. टॅकोमीटर असणे नाही. नव्या संचाला चाकाचा परीघ नीट सांगितला नाही, तर त्याचा वेगही खोटा ठरतो. शिवाय गाडी आजवर किती किलोमीटर धावली, याची जुनी नोंद त्या काढलेल्या तबकडीबरोबर भंगारात जाते. पुढे गाडी विकताना घेणाऱ्याच्या मनात संशय येतो, आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील आदेशाने निर्बंध आले. त्यांच्या अंमलबजावणीबाबत २०२५ मध्येही न्यायालयात नव्याने आदेश झाले. अशा गाडीवर खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात ताजी स्थिती विचारणे शहाणपणाचे.

त्याची गरज कोणाला?

लक्ष्मीनगर ते कॅनॉट प्लेस असा रोजचा प्रवास करणाऱ्याला टॅकोमीटरचा उपयोग जवळजवळ नाही. सिग्नलगणिक थांबणाऱ्या रहदारीत नजर समोरच्या बसच्या ब्रेकदिव्यांवर हवी, तबकडीवर नव्हे; गिअर बदलण्यासाठी कान पुरेसा आहे. ज्याने इंजिनाचे काम नुकतेच करून घेतले आहे आणि पहिले काही शे किलोमीटर ते ठरावीक फेऱ्यांच्या आत चालवावयाचे आहे, त्याला मात्र काटा उपयोगी पडतो. कार्बोरेटरचे आयडलिंग घरच्या घरी जुळविणाऱ्यालाही तो हवासा वाटेल.

आणि एक उपयोग असा, जो दुकानात कोणी सांगत नाही. वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर पिळला असता काटा वर चढत गेला आणि स्पीडोमीटर जागेवरच राहिला, तर क्लच घसरू लागला आहे असे समजावे. कानाला हा फरक उशिरा कळतो, काट्याला आधी. लेहच्या वाटेवर निघण्यापूर्वी एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर ही परीक्षा घेतली, तर क्लचच्या पट्ट्या दिल्लीतच बदलून घेता येतील. करोल बागेचा बाजार सोमवारी बंद असतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे.